किल्लारी : एका मोठ्या गावाचा भूगोल आणि कारभार

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की मी हमाल-मापाड्यांच्या प्रश्नांवर बोलेन. गेली तीस वर्षे मी तेच काम करीत आलो आहे. पण मी त्यांना म्हणालो की मला भूगोलावर बोलू द्या. त्यांनी माझ्याकडे थोडे चमकून पाहिले, आणि ते स्वाभाविकच होते. माझे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, कायद्याच्या जुन्या पुस्तकांतून आणि एका निवृत्त भूमापकाच्या ओसरीवर बसून. त्या गृहस्थांनी मला गावनकाशा वाचायला शिकवले. तेव्हापासून माझे मत असे बनले आहे की मजुराने पगारपत्रकाच्या आधी आपल्या गावचा नकाशा वाचावा. कोणाचे घर कोठे आहे, पाणी कोठून येते, रस्ता कोणाच्या दारापर्यंत जातो आणि कोणाच्या दारापाशी संपतो, हे सारे नकाशात दिसते. आणि कारभार म्हणजे तरी दुसरे काय?

आज मी एकच गाव घेणार आहे. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातले किल्लारी. या गावाचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे, परंतु ते एका रात्रीपुरते. त्या रात्रीच्या आधीही तेथे गाव होते आणि नंतरही आहे. मोठे गाव कसे वसते, कसे चालते, आणि ते उचलून दुसरीकडे मांडले तर काय होते, हे समजून घ्यायला किल्लारीसारखे दुसरे गाव आपल्या मुलखात नाही.

प्रथम जागा पाहू. लातूरहून दक्षिणेकडे, औसा मागे टाकून उमरग्याच्या वाटेला लागले की बालाघाटाच्या पठाराचा हलका उतार सुरू होतो. हा उतार तेरणा नदीकडे जातो. तेरणा ही मांजरेची उपनदी. जिच्या काठी तेर, म्हणजे प्राचीन काळचे तगर, हे व्यापारी नगर भरभराटीला आले, तीच ही नदी. किल्लारीच्या शिवारावर पडलेला पाऊस तेरणेतून मांजरेत आणि मांजरेतून गोदावरीत जातो. म्हणजे नांदेडच्या आणि किल्लारीच्या पाण्याची गाठ शेवटी एकाच पात्रात पडते. नदीच्या पलीकडे धाराशिव जिल्ह्याची हद्द लागते. जिल्ह्याची ही रेघ तशी अलीकडची आहे. १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा काढला गेला. त्यापूर्वी नदीच्या दोन्ही काठांचे दप्तर एकाच कचेरीत होते. सोयरिकी, बाजार आणि जत्रा तर आजही ही रेघ मानीत नाहीत.

जमीन काळी, खाली बेसाल्टचा कातळ. ज्वारी, तूर, करडई ही जुनी पिके. पुढे सोयाबीन आणि ऊस आला, साखर कारखाना आला. या कातळाची जाडी किती, हे कोणी पूर्वी विचारले नव्हते. भूकंपानंतर राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ खोल विंधण घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर खाली बेसाल्टचे थर संपून त्याखालचा फार प्राचीन खडक लागला. तोवर समजूत अशी होती की दख्खनचे पठार म्हणजे हलणारच नाही अशी भक्कम बैठक. सरकारी भूकंप-नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगविलेला होता.

आपले जुने लोक गावाच्या जमिनीचे दोन भाग करीत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन; पांढरी म्हणजे वस्तीची, गावठाणाची. ही पांढरी माती पिढ्यान् पिढ्यांच्या वस्तीची राख, चुना, शेण, पडक्या भिंती यांतून तयार झालेली असते. घर बांधायचे तर शिवारातला काळा दगड, पांढरीची माती आणि सागाचे किंवा बाभळीचे लाकूड घ्यायचे. दोन-दोन, तीन-तीन हात जाडीच्या भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि वर मातीचा जाड थर. हेच माळवद. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब, चोरापासून बचाव, रात्री वर निजण्याची सोय, वाळवणाला अंगण. दरसाल पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी मातीचा आणखी एक थर चढे. आजोबाने घातलेल्या थरावर बापाचा, बापाच्या थरावर लेकाचा. माळवद जाड असणे ही संपन्नतेची खूण होती. ही सवय मूर्खपणाची नव्हती. ज्या मुलखात जमीन कधी हललीच नाही, तेथे ऊन, पाऊस आणि दरोडा यांचाच विचार करून घर बांधले जाणार. दोष होता तो एवढाच की भिंतीत दगडाला दगड बांधणारे आडवे लांब दगड नसत, आणि छपराला भिंतीशी कोणी जखडलेले नसे. नुसत्या वजनावर सारे उभे होते.

या पांढरीवर गाव कसे मांडलेले होते? मध्ये गढी किंवा पाटलाचा वाडा, भोवती वतनदारांचे आणि सावकारांचे वाडे, मग कुणब्यांच्या गल्ल्या, पुढे बलुतेदार, आणि वेशीबाहेर, उताराच्या अंगाला, दलितांची वस्ती. जुन्या किल्लारीत निळकंठेश्वराचे देऊळ हे गावाच्या मनाचे केंद्र होते. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या ओसरीवरून बोलता यावे. ही मांडणी म्हणजे जुन्या राज्यघटनेचा दगडात काढलेला नकाशाच होता. कोणी वर राहावे, कोणी खाली, पाणी आधी कोणाला, हे कागदावर लिहिण्याची गरज नव्हती. ते गल्लीतच लिहिलेले होते.

निजामी अमलात कारभार तीन माणसांच्या हाती असे. सारा गोळा करणारा माली पाटील, बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील, आणि लेखणी धरणारा पटवारी. पाटलाची काठी दिसत असे, पटवाऱ्याची लेखणी दिसत नसे. परंतु माझ्या आजीच्या पिढीचे लोक काठीपेक्षा लेखणीला अधिक भीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातले ते राज्य संपले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा लागू झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. १ जानेवारी १९६३ पासून वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी कायद्याने संपली. १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील हा वतनदार न राहता नेमलेला माणूस झाला. एकोणीस वर्षांत गावाच्या कारभाराची सारी कायदेशीर चौकट बदलली. गल्ल्यांची चौकट मात्र तीच राहिली.

ती मोडायला जमीन हलावी लागली. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीला लहान लहान हादरे बसत होते. ऑक्टोबरात एक मोठा बसला, लोक काही दिवस बाहेर निजले, आणि मग पुन्हा घरात गेले. २९ सप्टेंबर १९९३ ची अनंत चतुर्दशी झाली. गणपती बोळवून दमलेले लोक उशिरा निजले. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. परंतु केंद्र उथळ, आणि वर ती जड माळवदे. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जवळपास जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा निरनिराळ्या हिशेबांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिला जातो. पुष्कळांना दगडाने मारले नाही, मातीने गुदमरवले. काही घरांत छप्पर लाकडी खांबांवर पेललेले होते. तेथे भिंती बाहेर कोसळल्या, पण खांब आणि छप्पर उभे राहिले, आणि खालची माणसे वाचली. हा एक साधा धडा आहे. तो कोणत्याही गवंड्याला समजतो. फक्त कोणी सांगायला हवा होता.

मी त्या वेळी चोवीस वर्षांचा होतो, नांदेडच्या मोंढ्यात पोती वाहत होतो. आमच्या टोळीतले अकराजण एका धान्याच्या ट्रकबरोबर गेलो. आम्हाला वाटले होते, पोती उतरवून परत येऊ. राहिलो सतरा दिवस. तेरणाकाठच्या एका गावात, नाव सांगत नाही, पत्र्याच्या शेडपाशी नुकसानीची यादी करण्याचे काम चालले होते. रांगेत एक वृद्ध बाई होती. तिचा नवरा आणि मुलगा, दोघेही एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते, दोघेही गेले. लिहिणाऱ्याने तिला विचारले, "घर नंबर?" ती गप्प. मी पुढे होऊन म्हणालो, "मावशी, घर नंबर सांगा, घाबरू नका." ती म्हणाली, "लेकरा, आमी मालकाच्या वाड्यातल्या सपरात ऱ्हात होतो. वाडा पडला. मालकाचा नंबर हाय. माजा कुटून आणू?" लिहिणाऱ्याने मान हलवली आणि पुढच्याला बोलावले. तो माणूस दुष्ट नव्हता. त्याच्यापुढे जे रकाने होते त्यांत ती बाई बसत नव्हती, एवढेच. पण मला त्या दिवशी कळले की माणूस मेल्यावरही आणि वाचल्यावरही आधी रकान्यात बसावा लागतो. मोंढ्यात परत आलो तो संघटनेचा सभासद होण्याचे ठरवूनच. आमचीही हजेरी तेव्हा कोणत्याच वहीत नव्हती.

पुनर्वसनाचे काम फार मोठे झाले, आणि ते झाले हे प्रथम मान्य केले पाहिजे. जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने राज्य सरकारने योजना आखली. सर्वाधिक पडलेली ५२ गावे 'अ' वर्गात धरून ती नव्या जागी वसविण्यात आली. इतरत्र, 'क' वर्गात, सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुती घरमालकांनी स्वतः सरकारी साहाय्याने करावी असे ठरले. या दुसऱ्या कामात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने हजारांहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. सिमेंट किती, पट्टी कोठे, हप्ता कधी, हे त्या गल्लोगल्ली समजावून सांगत. ज्या बायकांना ग्रामसभेत बसायला जागा नव्हती त्या अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. माझ्या मते त्या साऱ्या योजनेतले हे सर्वांत टिकाऊ बांधकाम होय.

'अ' वर्गातल्या घरांचा मात्र हिशेब ऐका. ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे, त्याला २५० चौरस फुटांचे घर. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फुटांचे. सात हेक्टरांवर असेल त्याला ७५० चौरस फुटांचे. असे ठरविण्यामागे कारण नव्हते असे नाही. शेतकऱ्याला अवजारे, बी-बियाणे, धान्य, गुरे यांना जागा लागते, आणि ज्याचे मोठे गेले त्याला अगदी लहान देऊ नये, हाही विचार असेल. परंतु निजायला जागा माणसाला लागते, हेक्टरला लागत नाही. मजुराच्या घरी आठ माणसे असली तरी २५० फूट, आणि जमीनदाराच्या घरी चार असली तरी ७५०. जुनी गढी-वाडा-गल्ली-वेस ही उतरंड भूकंपाने एका मिनिटात सपाट केली होती; आपण ती फुटपट्टीने मोजून पुन्हा उभी केली. सारख्या आकाराची घरे एका ओळीत बांधणे सोयीचे म्हणून मोठ्या घरांच्या ओळी वेगळ्या आणि लहान घरांच्या वेगळ्या. पूर्वी गाव जातीने वाटलेले होते, आता ते सात-बाराने वाटले गेले.

नव्या किल्लारीचा भूगोल शहरी कॉलनीसारखा आहे : सरळ रुंद रस्ते, काटकोनातले चौक, सुटी सुटी घरे. पुन्हा भिंत पडली तर रस्त्यावर मोकळी जागा असावी हा त्यातला हेतू योग्यच होता. पण अशा मांडणीत वस्तीचे क्षेत्र जुन्या गावठाणाच्या कित्येक पट झाले. जितका रस्ता लांब, तितके दिव्याचे खांब जास्त; जितकी घरे दूर, तितकी पाण्याची नळी लांब आणि गटार लांब. हे सारे बांधून दिले सरकारने आणि देणगीदारांनी. चालविण्याचे ओझे आले ग्रामपंचायतीवर. म्हणजे अंगरखा शहराच्या मापाचा शिवला आणि धुलाईचा खर्च गावाच्या खिशातून काढायला सांगितला. याशिवाय शेत लांब पडले. गोठ्याला जागा नाही म्हणून कोणी गुरे विकली, कोणी जुन्या गावठाणाजवळच्या शेतात छप्पर टाकले. ओसरी नाही म्हणून लोकांनी पुढे पत्रे टाकून ओसरी केली. पक्क्या घराला लागून हळूहळू दगड-विटांची कच्ची भर पडत गेली. हा मला सर्वांत काळजीचा भाग वाटतो. पहिले घर भूकंपाला टिकेल. त्याला चिकटवलेली भिंत टिकेलच असे नाही.

आता कारभार. अशा मोठ्या गावात कोणाचे दार कशासाठी ठोठवायचे, हे शिकलेल्या माणसालाही नीट ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ पासून १७ पर्यंत सदस्य असतात. साडेसात हजारांवर वस्ती गेली की १७, मग ती आठ हजार असो की वीस हजार. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सरपंच थेट मतदारांनी निवडण्याची पद्धत २०१७ साली आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली पुन्हा आली. पंचायतीचा चिटणीस तो ग्रामसेवक. जमिनीचे दप्तर तलाठ्याकडे. या दोघांना अलीकडे सरकारने 'ग्रामपंचायत अधिकारी' आणि 'ग्राम महसूल अधिकारी' अशी नवी नावे दिली आहेत, पण लोकांच्या तोंडी जुनीच आहेत. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा, तलाठी तहसीलदाराचा. एकाच गावात बसून दोघांचे वरिष्ठ वेगळे. पोलीस पाटील तिसरीकडे पाहतो.

यातून एक घोटाळा नेहमी होतो. तलाठ्याकडे 'आठ-अ' असतो. त्यात शेतजमिनीचा धारक कोण ते लिहिलेले असते. ग्रामपंचायतीकडे 'नमुना आठ' असतो. त्यात घर कोणाच्या नावे आकारले आहे ते असते. दोन्ही आठच, पण एक काळीचा आणि एक पांढरीचा. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचे नाव पहिल्या आठात येणारच नाही. म्हणून त्याने दुसऱ्या आठात आपले नाव आहे की नाही हे डोळ्यांनी पाहिले पाहिजे. त्या मावशीचे नाव दोन्ही आठांत नव्हते. २०२० साली 'स्वामित्व' योजना निघाली, ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत-पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. काम चांगले आहे. परंतु आकाशातून छप्पर दिसते. छपराखाली पोटभाड्याने कोण राहतो ते दिसत नाही. ते गल्लीतल्या माणसानेच सांगितले पाहिजे.

आणि ग्रामसभा? कायद्याने ती गावची खरी मालकीण आहे. तिची गणपूर्ती मतदारांच्या शेकडा १५ किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. लहान गावात हे ठीक आहे. ज्या गावात सात-आठ हजार मतदार आहेत तेथे शंभर माणसे जमली की सारे गाव जमले असे कायदा मानतो. आणि शंभरही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, व तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. अशा सभेच्या दिवशी मजूर कोठे असतो? दुसऱ्याच्या शेतात किंवा ऊसतोडीला. मोठे गाव हे कारभाराच्या दृष्टीने फार अवघड प्रकरण आहे. एकमेकांना ओळखून कारभार करायला ते फार मोठे, आणि पगारी नोकरांकडून कारभार करून घ्यायला फार गरीब.

हा प्रश्न जगात इतरत्र कसा सोडविला आहे? पोलंडमध्ये कोझी नावाचे एक खेडे आहे. बेस्किड डोंगरांच्या पायथ्याशी, बारा हजारांच्या घरात वस्ती, आणि त्या देशातले सर्वांत मोठ्या खेड्यांपैकी एक म्हणून ओळखले जाते. तेथे स्थानिक कारभाराचा सर्वांत खालचा घटक 'ग्मिना' हा असतो. बहुधा एका ग्मिनात अनेक खेडी असतात. कोझीची ग्मिना मात्र त्या एकाच खेड्याची आहे. पंधरा सदस्यांचे मंडळ आणि लोकांनी थेट निवडलेला प्रमुख. इथवर आपल्यासारखेच. फरक खिशात आहे. तेथल्या ग्मिनाला आपल्या रहिवाशांनी भरलेल्या प्राप्तिकरातला वाटा कायद्याने मिळतो. गाव मोठे झाले, लोक कमावू लागले, की पंचायतीचे उत्पन्न आपोआप वाढते. आपल्याकडे गाव वाढते तसा खर्च वाढतो. उत्पन्न घरपट्टीशी आणि वरून येणाऱ्या निधीशी बांधलेले राहते.

पोलंडचे नाव काढले म्हणून आणखी एक सांगतो. पोलिश लोकांचे एक मोठे गाव आपल्या महाराष्ट्रातही होते. दुसऱ्या महायुद्धात घरादाराला मुकून, रशियातून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. पंचगंगेच्या परिसरात खोल्यांच्या ओळीच्या ओळी उठल्या. त्यात शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, दुकाने होती, आणि आतला कारभार त्यांचा तेच पाहत. तेही एका दमात मांडलेले गाव. ते लोक गेले, तेव्हा फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित त्याच जागी आले, आणि तेथे गांधीनगर ही कापडाची मोठी पेठ उभी राहिली. यातून मी इतकाच बोध घेतो की सरकार घरे देऊ शकते, गाव लोकच करतात. आणि जेथे हाताला काम असते तेथेच गाव मुळे धरते.

कामाचा विषय निघाला म्हणून आजचा वादही सांगितला पाहिजे. मोठ्या गावांतून मागणी उठते की आम्हाला नगरपंचायत द्या. दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या, खेडेपणातून शहरपणाकडे झुकणाऱ्या गावासाठी ती कायद्यात सोय आहे. मुख्याधिकारी मिळतो, शहरी योजनांचा पैसा येतो. हे खरे. पण मजुराने दुसरी बाजूही विचारावी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून जी रोजगार हमी या राज्यात उभी राहिली आणि १९७७ साली जिचा कायदा झाला, तिच्याच धर्तीवर केंद्राने २००५ साली कायदा केला; तो ग्रामीण भागापुरताच केला गेला. पाटी बदलली की घरपट्टी वाढते आणि गावचे कामही हातचे जाण्याची भीती असते. म्हणून मी नगरपंचायतीच्या विरुद्ध आहे असे नव्हे. ठराव करण्यापूर्वी बिनजमिनीच्या माणसाला दोन्ही पारडी दाखवा, एवढेच माझे म्हणणे.

मग उपाय काय? मी मोंढ्यातला माणूस; मला टोळीची रीत ठाऊक आहे. आमच्या संघटनेची सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा होते, पण संघटना चालते ती टोळीच्या बैठकीवर. पंधरा-वीस माणसे, काम सुटल्यावर, पोत्यांवर बसून. मोठ्या गावानेही असेच करावे. ग्रामसभेच्या आठ दिवस आधी दर गल्लीची बैठक व्हावी, रात्री, मजूर घरी आल्यावर. तिने तीन गोष्टी कराव्यात : नमुना आठाचे वाचन करून कोणाचे नाव राहिले ते पाहावे, दिवा, पाणी, गटार यांचा खर्च आणि पट्टी यांचा हिशेब विचारावा, आणि गल्लीतली कोणती भिंत, कोणते माळवद धोक्याचे आहे याची यादी करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक कंदील आणि एक वही पुरते.

तिसरी गोष्ट नांदेडकरांनाही लागू आहे. २००२ साली भूकंपाचा नकाशा सुधारला तेव्हा लातूरचा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात घातला गेला. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला हिंगोलीकडे केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के आपण येथे अनुभवले. आपल्यापैकी कितीजण त्या पहाटे अंगणात आले आणि दुपारी विसरले? किल्लारीचे लोकही १९९२ साली असेच बाहेर निजून पुन्हा आत गेले होते. आपल्या जुन्या वस्त्यांत आजही दगड-मातीची घरे आहेत, आणि त्यांत बहुधा भाडेकरू राहतात. मालकाला दुरुस्तीत रस नाही, भाडेकरूला अधिकार नाही. भूगोल आणि कारभार जेथे एकमेकांना भेटतात ती जागा हीच.

किल्लारीत दर ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात. मी अधूनमधून जातो. ती मावशी पुढे त्याच गावात एका नातेवाइकाच्या २५० फुटांच्या घरात राहिली आणि तेथेच वारली. तिच्या नावचे घर झाले नाही. पण तिची नात पुढे त्या गावच्या पंचायतीत सदस्य झाली. निवडून आल्यावर तिने पहिला प्रश्न काय विचारला, हे तिनेच मला सांगितले : "नमुना आठ आधी मला वाचून दाखवा." मला वाटते, त्या दिवशी त्या गावाचा कारभार खऱ्या अर्थाने नव्या जागी आला.